साप चावला तर भगत की डॉक्टर?

आवणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे पाऊस कोसळतो. बिळांत पाणी शिरते, साप घरात येतात. भुईवर निजलेल्याला रात्री मण्यार चावते. दात बारीक, फारसे दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा! भगताकडे न्या!

भगताकडे माणसे बरी होत नाहीत का? होतात की! पुष्कळ साप बिनविषारी असतात. तो माणूस आपोआप बरा होतो, नाव होते भगताचे. मण्यारीपुढे मंत्र चालत नाही.

बायबलात एक गोष्ट आहे. माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसला. लोक म्हणाले, हा खुनी असेल, म्हणून शिक्षा झाली. पौलाला काहीच झाले नाही. तेव्हा तेच लोक म्हणाले, हा तर देव! भ्यालेल्या माणसाचे असेच होते.

येशूवर भरवसा ठेवणाऱ्याने भुताला का भ्यावे? पण आमच्यातही कोणी म्हणतात, नुसती प्रार्थना पुरे. हे बरे नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

चावलेला हातपाय हलवू नका, कापू नका. सापाच्या विषावरचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते. औषधोपचार अडवून मंत्र-गंडे देणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.