अनुदानकपात आणि नाट्यरूप : फेडरल थिएटर प्रोजेक्टचे उदाहरण

शासकीय अनुदानातील कपातीचा विचार सामान्यतः प्रयोगसंख्या आणि रोजगार या अंगांनी होतो. नाट्यरूपावरील तिचा परिणाम दुर्लक्षित राहतो. या दृष्टीने अमेरिकेतील फेडरल थिएटर प्रोजेक्ट (१९३५–३९) उद्बोधक आहे. महामंदीत बेकार झालेल्या नाट्यकर्मींना काम देणे हा या शासकीय प्रकल्पाचा मूळ हेतू. अनेकांना सामावून घेण्याच्या गरजेमुळेच तेथे ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ हा बहुपात्री, वृत्ताधारित नाट्यप्रकार बहरला. घरांच्या दुरवस्थेवरील ‘वन थर्ड ऑफ अ नेशन’ (१९३८) हा त्याचा ठळक नमुना होय.

जून १९३७ मध्ये कपातीमुळे नवे प्रयोग रोखले गेले, तेव्हा याच प्रकल्पातील ‘द क्रेडल विल रॉक’ ही संगीतिका न्यूयॉर्कच्या दुसऱ्या नाट्यगृहात नेपथ्याविना सादर झाली. संगीतकार मार्क ब्लिट्झस्टाइन स्वतः पियानोवर बसले; संघटनेने रंगमंचावर येण्यास मनाई केल्याने नट प्रेक्षागृहातूनच गायले. पुढे हा साधेपणाच त्या संगीतिकेची ओळख ठरला. या दाखल्यावरून टंचाई कलेस पोषक असते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु अमेरिकन काँग्रेसने निधी नाकारल्याने ३० जून १९३९ रोजी प्रकल्प बंद पडला आणि ‘लिव्हिंग न्यूजपेपर’चा बहरही ओसरला, एवढा नटसंच पोसणे खाजगी रंगभूमीच्या आवाक्याबाहेरचे होते. टंचाईतून एखादा प्रयोग उजळतो. नाट्यप्रकार टिकण्यास मात्र आश्रयाचे सातत्य लागते.