झाडावरून न उतरणारं माकड आणि उप्पाग्याची भट्टी

ताईंनो,

माकडांवर लिहिते म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्या जणी पान उलटतील, हे मला माहीत आहे. भाजी ठेवत नाहीत, कौलं फोडतात, कोवळे नारळ टाकतात, हे मी प्रत्येक गटाच्या बैठकीत ऐकते. पण आजचं माकड तुमच्या परसात कधी आलेलं नाही आणि येणारही नाही.

याचं नाव सिंहपुच्छ माकड. काळंभोर अंग, तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. कानडीत त्याला सिंगळीक म्हणतात. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतला सह्याद्री सोडला तर जगात दुसरीकडे कुठल्याच रानात ते नाही. सगळी मिळून अंदाजे ४,०००, आणि त्यातली पूर्ण वाढलेली साधारण २,५००. एखाद्या तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका मोजल्या तरी याहून जास्त भरतील.

इतकी कमी का? एक म्हणजे मादीला पहिलं पिल्लू सहाएक वर्षांची झाल्यावर होतं, एका वेळी एकच, आणि पुढचं व्हायला दोन-तीन वर्षं जातात. एक मेलं तर ती जागा लवकर भरत नाही. दुसरं म्हणजे हे माकड सगळं आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढतं. फांदीला फांदी भिडलेली असेल तोवर ठीक. मध्ये रस्ता, चहाचा मळा किंवा धरणाचं पाणी आलं की कळप अलीकडे अडकतो, आणि पलीकडची फळं पलीकडेच राहतात. तमिळनाडूत वालपराईला चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये रानाचे असेच तुकडे उरलेत. तिथली माकडं नाइलाजाने जमिनीवर उतरायला लागली, गाड्यांखाली मरायला लागली. म्हणून तिथे रस्त्यावरून या झाडापासून त्या झाडापर्यंत पूल बांधलेत.

धरणावरून आठवलं. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत वीजप्रकल्प होणार होता. लोकांनी जोरदार विरोध केला तेव्हा हेच माकड त्या लढ्याची खूण झालं. प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आता कर्नाटकात शरावतीच्या खोऱ्यात २,००० मेगावॅटचा प्रकल्प मांडला गेलाय, आणि ते खोरं २०१९ पासून याच माकडाच्या नावाचं अभयारण्य आहे.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते उप्पाग्याबद्दल. जोगचा धबधबा माहीत असेल. त्याच्या आसपास, शिरसी-होन्नावरच्या रानात, उप्पागे नावाचं फळ होतं. आपल्या रातांब्याचंच भावंड. केरळात ते माशाच्या आमटीत घालतात. १९९० नंतर वजन कमी करायच्या गोळ्यांसाठी त्याच्या सालीला परदेशातून मागणी आली, भाव चढला आणि गावंच्या गावं रानात शिरली. सिंगळीकही हेच फळ खातो.

आता दोन गोष्टी बघा. झाड रानातलं, म्हणजे कुणा एकाचं नाही. मी पिकेपर्यंत थांबले तर दुसरी कच्चंच तोडून नेणार. म्हणून सगळ्यांनीच कच्चं तोडायचं, घाईत फांदीसकट. कच्च्या फळाला भाव कमी, बाईच्या हातात पैसे कमी, आणि माकडालाही काही उरत नाही. ही लोभाची गोष्ट नाही, भरवसा नसण्याची आहे, असं माझं मत. जिथे झाडावर एका घराचा हक्क असतो तिथे थांबायला परवडतं.

दुसरी गोष्ट जास्त नुकसानीची. आपण रातांबे मे महिन्यात काढतो आणि आमसुलं उन्हात वाळवतो. उप्पागे पिकतं भर पावसात, ऊन नाहीच. मग साल भट्टीवर सुकवावी लागते, आणि त्याला भाऱ्यांनी लाकूड लागतं. फळ तोडल्याने झाड मरत नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा धरतं. लाकडासाठी झाड गेलं की माकडाची वाटच तुटते. आणि दिवसभर त्या धुरात कोण बसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे सिंगळीक नाही, पण रानातल्या रातांब्याला हीच शर्यत लागते. पाऊस लवकर आला की आपणही चुलीवर सोलं वाळवतोच. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कोकमाचा विषय आहे. प्रत्येक गटाने रानातली तोडणी कोणत्या तारखेला सुरू करायची ते आपसात बोलून या, आणि शेजारच्या वाडीलाही विचारून या, कारण एकट्या गटाने थांबून काही होत नाही. वाळवणासाठी पावसात लाकूड किती जातं, तेही भाऱ्यांत मोजून आणा.

तुमची क्षेत्र समन्वयक