जेलवर उमटणारी अळंबीची ओळख

फणसाच्या जुन्या खोडावर एक कडक, तपकिरी अळंबी येते. तिला फणसोंबा म्हणतात. तोंडाच्या तक्रारींवर ती उगाळून लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. शास्त्रात ती फेलिनस गटातली; पण या गटात सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ. लाकडावरच येणाऱ्या गॅनोडर्मा या दुसऱ्या गटात गोंधळ आणखी मोठा. अळंबीतज्ज्ञ कार्स्टनने १८८१ मध्ये ही प्रजाती स्थापली. इंग्लंडमधल्या अळंबीला दिलेलं 'ल्युसिडम' हे नाव पुढे जगभरच्या चकचकीत गॅनोडर्मांना लागत गेलं. चीनमधली औषधी लिंगझी ही निराळी जात म्हणून २०१२ मध्ये कुठे नोंदली गेली.

नुसत्या रूपावर विसंबता येत नाही. हवा कोंडून कार्बन डायऑक्साइड वाढला, की गॅनोडर्माची छत्री उघडत नाही. सांबराच्या शिंगांसारखे देठच वाढत राहतात. म्हणून अळंबी दिसते कशी याच्या जोडीला ती लाकडाचं काय करते, हेही आम्ही पाहतो.

पहिली चाचणी बाव्हेंडामची, १९२८ची. टॅनिक आम्ल घातलेल्या माध्यमावर बुरशी लावायची. लिग्निन फोडणारी एन्झाइम ती बाहेर सोडत असेल, तर भोवती तपकिरी वलय धरतं. पांढरी कूज करणारी बुरशी त्यावरून कळते, जात मात्र कळत नाही.

त्यासाठी विजेच्या ओढीने एन्झाइम वेगळी करणारं जेल लागतं. माल्टच्या द्रवात वाढवलेले तंतू गाळून, बर्फावर ठेवलेल्या खलात बफर घालून घोटायचे. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली वरची निवळ जेलच्या खाचांत भरायची आणि थंडाव्यातच वीज सोडायची. ऊब लागली की एन्झाइम मरतं, आणि मेलेलं एन्झाइम रंग देत नाही. निवळीत मिसळलेला खुणेचा निळा रंग जेलच्या तळाशी पोचला की जेल रंगद्रावणात सोडायचं. एस्टरेजला नॅफ्थिल ॲसिटेट आणि फास्ट ब्लू, लॅकेसला ग्वायाकोल. पेरॉक्सिडेजसाठी त्यातच हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. ते घातल्यावर जे पट्टे नव्याने उठतात, ते पेरॉक्सिडेजचे. एकच काम करणाऱ्या एन्झाइमची वेगवेगळी रूपं जेलमध्ये वेगवेगळ्या अंतरावर थांबतात. ती अंतरं मोजायची, कुठल्या नमुन्यांत किती पट्टे समान आहेत ते मांडायचं आणि त्यावरून जवळचे-लांबचे गट पाडायचे.

इथे शिस्त सुटली तर सगळं वाया. कोवळ्या आणि जून बुरशीचे पट्टे सारखे येत नाहीत. माध्यम बदललं तरी बदलतात. म्हणून सगळे नमुने एकाच वयाचे, एकाच माध्यमावरचे आणि शक्यतो एकाच जेलवर हवेत.

आता जातीचा निवाडा डीएनएच्या क्रमावर होतो आणि ते योग्यच आहे. पण डीएनए नातं सांगतो. त्या घडीला बुरशी कोणतं एन्झाइम बनवते आहे, हे जेलच दाखवतं. औषध म्हणून उगाळल्या जाणाऱ्या अळंबीच्या दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात. घेणाऱ्याच्या हाती नेमकी कोणती जात पडते, हे त्याला कळलंच पाहिजे.