ब्रश हळू फिरतो म्हणून दाब वाढवायचा नसतो

रस्त्याच्या कडेने फिरणारी यांत्रिक झाडूगाडी पाहून अनेकांना वाटतं की हायड्रॉलिक यंत्रणाच कचरा ओढून घेते आणि तिच्यात पाणी असतं. कचरा ओढतो तो पंखा. पंखा नसलेल्या गाडीत मुख्य ब्रश तो पट्ट्यावर लोटतो. धूळ बसवणारं पाणी वेगळ्या टाकीतून, वेगळ्या पंपानं येतं. हायड्रॉलिकमध्ये असतं तेल. बाजूचे ब्रश फिरवणं, ते खाली-वर करणं आणि भरलेला हॉपर, म्हणजे कचऱ्याची पेटी, उचलून उलटा करणं ही त्याची मुख्य कामं.

तेलच का? 1840च्या दशकात जोसेफ व्हिटवर्थनं मँचेस्टरमध्ये आणलेल्या झाडूगाडीचे ब्रश गाडीच्या चाकांच्या गतीवर फिरत. गाडी मंदावली की ब्रशही मंदावणार. आज पंप इंजिनावर चालतो आणि तेल होजमधून हवं तिथल्या मोटरपर्यंत पोचतं, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलानं चालली तरी ब्रश वेगानं फिरू शकतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की पंप दाब निर्माण करतो, म्हणून ब्रश हळू झाला की रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू आवळायचा. पंप फक्त तेल ढकलतो. पुढे जितका अडथळा, तितका दाब. एका फेऱ्याला 200 घनसेंटीमीटर तेल घेणाऱ्या मोटरला मिनिटाला 20 लिटर तेल मिळालं तर ती मिनिटाला सुमारे 100 फेरे घेईल. या हिशेबात दाब कुठेच येत नाही. तो ठरवतो ब्रशचा जोर. वेग कमी झाला असेल तर आधी टाकीतली पातळी पाहावी, मग तुंबलेली सक्शन जाळी, मग झिजलेला पंप किंवा मोटर. भार आल्यावरच ब्रश अडत असेल तर व्हॉल्व्हही तपासावा, पण गेज लावून आणि उत्पादकानं दिलेल्या आकड्यापर्यंतच. अंदाजानं आवळलेला स्क्रू होज आणि सील यांचा जीव घेतो.

ब्रश रस्त्यावर जोरात दाबला की जास्त साफ होतं, हेही खरं नाही. झाडतात ती तारांची टोकं. दाबल्यावर तारा आडव्या होतात, लवकर झिजतात आणि तेल विनाकारण तापतं.

‘तेल स्वच्छ दिसतंय, चालू द्या’ हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. साध्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाहीत, आणि पंपाच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्याच असतात. ही गाडी दिवसरात्र धुळीत काम करते. टाकीच्या श्वसन-झाकणाचा फिल्टर खराब असेल तर तीच धूळ तेलात उतरते. नवं तेलसुद्धा गाळूनच भरावं. पावसाळ्यात तेल दुधाळ दिसलं तर त्यात बहुधा पाणी शिरलेलं असतं. वरून आणखी तेल ओतून ते पाणी जात नाही.

गळती हातानं चाचपण्याची सवय मात्र आजच सोडायला हवी. होजच्या सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार कातडी भेदून तेल आत सोडते. जखम टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस कामाला लागतो. आतले स्नायू मरू लागतात. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधताना पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. टोचलंच तर थेट रुग्णालय गाठून ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं.

इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला, असंही समजू नये. वर उचललेला हॉपर कोंडलेल्या तेलावर उभा असतो. 80 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर 150 बार दाबाला सुमारे साडेसात टन पेलतो, पण होज फुटला किंवा कुणी लिव्हर हलवली तर हॉपर खाली येऊ शकतो. त्याच्याखाली शिरण्याआधी लोखंडी टेकू लावलाच पाहिजे, काम दोन मिनिटांचं असलं तरी.