मुलींच्या शाळेत छात्रसेना हवी, पण कोणाच्या खर्चाने?

यवतसारख्या गावात मुलींच्या शाळेत छात्रसेनेचे पथक निघावे, ही मागणी कवायतीच्या हौसेची नाही. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाअखेर महारांची सैन्यभरती बंद केली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून बाबासाहेबांना झगडावे लागले. वर्दीचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको! छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार मात्र २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघडायला लावले. २०२५ मध्ये तिथून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या.

संस्थाचालकांनो, स्वयंअर्थसहाय्यित पथक घेऊन खर्च मुलींवर टाकाल, तर शेतमजुराची लेक पहिल्याच दिवशी रांगेबाहेर होईल. शासनखर्चाचे पथक मागा आणि निवडीची यादी फलकावर लावा.