पुस्तकं हातात घ्या, सायकल सोडू नका

लग्न, मुलं, शेत, शिलाई, गटाचं काम यांत दहा-पंधरा वर्षं गेल्यावर राहिलेलं कॉलेज पुन्हा सुरू करता येतं का, असं आम्हाला बऱ्याचजणी विचारतात. करता येतं. कसं करायचं ते आज बघू. आणि शिकायला लागल्यावर काय सोडायचं नाही, तेही बोलू.

रोज वर्गात बसणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठं आहेत. दिल्लीचं इग्नू १९८५ साली सुरू झालं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. पुस्तकं घरी वाचायची, स्वाध्याय लिहून द्यायचे, संपर्क सत्राला अभ्यास केंद्रावर जायचं आणि परीक्षा द्यायची. हे केंद्र बहुतेक वेळा जवळच्या एखाद्या कॉलेजातच असतं. वय जास्त झालं म्हणून कुणी परत पाठवत नाही. मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. मान्यता आहे का, हे मात्र पैसे भरण्याआधी तपासा.

बारावीच राहिली असेल तर आधी ती करावी. राज्य मंडळाची परीक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे गेलात तर पाच वर्षांत एकेक विषय सोडवता येतो.

आता कागदपत्रं. बायकांचं घोडं अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. हल्ली दूरशिक्षणाच्या प्रवेशाला एबीसी आयडी आणि डेब आयडी काढावे लागतात आणि ते आधारशी जोडलेले असतात. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला एका पिशवीत घालून आधी केंद्रावर दाखवून या. नावासाठी आणखी काय लागेल, तेही तिथेच विचारा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला ही धावपळ नको.

आता खरा प्रश्न वेळेचा. मुक्त विद्यापीठात अभ्यास श्रेयांकांत मोजतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. रोज एक तास दिला तर एका विषयाला चार महिने लागतील. सहा महिन्यांच्या सत्रात असे पाच विषय घेतले तर ६०० तास होतात, म्हणजे रोज तीन तासांहून थोडा जास्त. हा हिशेब ऐकून घाबरू नका, पण तो आधीच मांडा. सगळं एकदम उरकलंच पाहिजे असं नाही. इग्नूची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते.

हे तास आणायचे कुठून? इथेच गफलत होते. स्वयंपाक, धुणं, गुरांचं पाणी, सासूबाईंची औषधं यातलं काही कमी होत नाही. मग बाई स्वतःचं जे थोडंफार असतं तेच आधी सोडते. कुणी भजनी मंडळ सोडते, कुणी कबड्डी, कुणी सकाळची सायकल. ‘परीक्षा झाली की बघू’ म्हणते आणि सायकल भाचीकडे जाते.

सायकल गेली की काय होतं ते आम्ही गटांतून पाहिलंय. संपर्क सत्र असतं सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी एसटी वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. मोटारसायकलवर सोडायला घरातलं कुणी मोकळं नसतं. एक सत्र बुडतं, दुसरं बुडतं, स्वाध्याय राहतो आणि वर्ष हातचं जातं. ज्या बाईला केंद्रापर्यंत किंवा निदान एसटीच्या थांब्यापर्यंत स्वतः जाता येतं, तिचं शिक्षण दुसऱ्याच्या सवडीवर अडत नाही. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते, ती याच कारणाने. जे लेकीला लागू, ते आईलाही लागू. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची चळवळ झाली, तेव्हा अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. हजारो बायका सायकलवर बसल्या.

सायकलचा दुसरा फायदा अंगाला आणि मनाला. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं तरी शरीर हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही म्हणाल, आम्ही शेतात राबतो ते काय कमी आहे? कमी नाही. पण त्या राबण्यातला एक क्षणही आपल्या मर्जीचा नसतो. सायकलवरचा अर्धा तास आपला असतो आणि त्यानंतर पुस्तकात लक्षही लागतं.

जत्रेला किंवा ८ मार्चला हळू सायकलची स्पर्धा होते, ती तुम्ही पाहिली असेल. शेवटी पोचेल ती जिंकते, पाय टेकला की बाद. वेगात सायकल आपोआप सावरते. हळू चालवताना मात्र हँडल सारखं डावं-उजवं करून तोल राखावा लागतो. ट्रायल्स नावाचा याहून अवघड खेळ आहे. त्यात दगड, ओंडके यांवरून सायकल उडवत न्यायची, तीही पाय न टेकता. असा सराव करायला मोठं मैदान लागत नाही. खळ्यात दोन विटा ठेवून त्यांच्यामधून हळू सायकल काढायची, वीस मिनिटं पुरतात. नोकरी-संसार सांभाळून घेतलेल्या पदवीचंही असंच असतं. उशिरा पोचलं तरी चालतं, पाय टेकू द्यायचा नाही.

मग कमी काय करायचं? जे दुसऱ्या कुणाला करता येतं ते. संध्याकाळची भांडी मुलगा घासू शकतो. पाणी नवरा भरू शकतो. हे प्रवेश घेण्याआधी, घरात सगळे बसलेले असताना बोलून ठरवा. परीक्षेच्या महिन्यात गटाची वही दुसऱ्या सदस्येकडे द्या, तीही हिशेब शिकेल. फी एकरकमी झेपत नसेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. शेळीला कर्ज देतो, तसं शिक्षणालाही द्यायला हवं. तसा ठराव वहीत लिहून ठेवा.

एका गावातल्या दोघी-तिघींनी मिळून प्रवेश घेतला तर आणखी सोपं जातं. केंद्रावर सोबत जाता येतं. एकीला सत्र चुकलं तर दुसरीची वही असते. सकाळी सायकल काढायला हाक मारणारीही कुणी असते.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. दाखला शोधून ठेवा, जवळचं अभ्यास केंद्र कुठं आहे ते विचारा, आणि सायकलच्या चाकात हवा भरा.