हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल

२०१६ साली लाइव्हचं काम म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातलं एक टेबल होतं. त्यावर जाडजूड पीसी, पीसीत कॅप्चर कार्ड, जमिनीवर टेपने चिकटवलेल्या तीन कॅमेऱ्यांच्या केबल आणि स्क्रीनवर मिक्सिंगचं सॉफ्टवेअर, व्हीमिक्स नाहीतर ओबीएस. कीर्तन असो, लग्न असो की गाण्याची बैठक, मिक्सिंग व्हायचं ते त्या टेबलावर. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅमेझॉनची क्लाउड केंद्रं मुंबईत सुरू झाली. त्या बातमीचा आपल्या टेबलाशी कधी संबंध येईल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

संबंध जुळला तो हळूहळू. आधी चित्र पाठवण्याची पद्धत बदलली. आम्ही आरटीएमपी वापरायचो. त्यात वाटेत एक पाकीट हरवलं की मागची सगळी रांग खोळंबते. माँट्रियलच्या हायव्हिजन कंपनीने २०१७मध्ये एसआरटी ही वेगळी पद्धत सर्वांसाठी खुली केली. एसआरटी आधीच काही मिलिसेकंदांची सवड ठेवते, तेवढ्या वेळात हरवलेलं पाकीट पुन्हा मागवते आणि नाहीच आलं तर त्याला सोडून पुढे निघते. हॉलमधल्या लटपटत्या इंटरनेटवर तीन कॅमेरे बाहेर पाठवायचं धाडस मला झालं ते या सवडीमुळे. मग २०१९मध्ये एनव्हिडियाचं टी४ ग्राफिक्स कार्ड असलेले सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळू लागले. मिक्सिंगला लागणारी ताकद आता विकत घ्यायची गरज उरली नाही.

आणि मार्च २०२०मध्ये सगळे हॉल बंद झाले.

एप्रिलमध्ये अमेरिकेत एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे फुटबॉल संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा सोहळा, घराघरांतून झाला. एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल आपल्या घराच्या तळघरातून नावं पुकारत होते. खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या घरांतले कॅमेरे क्लाउडमार्फत प्रक्षेपणाला जोडलेले होते. ते पाहताना पहिल्यांदा वाटलं, टेबल हॉलमध्येच असलं पाहिजे असं काही नाही.

टेबल क्लाउडवर नेण्याचा माझा पहिला प्रयत्न मात्र काळ्या पडद्यावर अडला. भाड्याच्या सर्व्हरला ना मॉनिटर असतो, ना साउंड कार्ड. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आपण घालायचा, आवाजासाठी आभासी केबल बसवायची. साध्या रिमोट डेस्कटॉपवर भागत नाही, सलग चित्र दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या एनडीआयचे स्रोत घरी आपोआप दिसतात, तसे तिथे दिसत नाहीत. कारण ज्या मल्टिकास्टवर ते एकमेकांना हाका मारतात, ते तिथे मुळात चालूच नसतं. खर्चाचं गणितही निराळं. आत येणाऱ्या चित्राला पैसे नाहीत, बाहेर जाणाऱ्याला आहेत. घरी बसून मी जो स्क्रीन बघतो, तोही बाहेर जाणाऱ्यातच मोजला जातो.

लग्नाला पन्नासच माणसं, असा नियम होता तेव्हाची गोष्ट. आदल्या रात्री सगळं तपासलं आणि भाडं वाचवायला सर्व्हर बंद केला. सकाळी चालू केला तर तिन्ही कॅमेरे गायब. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्याचा आयपी पत्ता बदलला होता आणि हॉलमधला एन्कोडर जुन्याच पत्त्यावर चित्र पाठवत होता. कायमचा पत्ता आधीच राखून ठेवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मंगलाष्टका सुरू व्हायला अकरा मिनिटं होती. फोनवर एकेक आकडा वाचून दाखवत हॉलमधल्या मुलाकडून नवा पत्ता भरून घेतला. चित्र आलं तेव्हा भटजी अंतरपाट धरायला सांगत होते. नवरीची आत्या न्यू जर्सीत पहाटेच्या आत उठून स्क्रीनसमोर बसली होती. तिला एकही मंगलाष्टक चुकलं नाही याचं समाधान मला आजही आहे.

पुढच्या दोन वर्षांत काम पसरलं. नावांच्या पट्ट्या कोल्हापुरातून, आवाज नाशिकमधून, स्विचिंग पुण्यातून, आणि तिघंही मुंबईतल्या एकाच यंत्रावर. एरवी प्रवासापायी काम सोडून देणारी माणसं या पद्धतीमुळे टिकली. मला तीच यातली सर्वांत मोठी कमाई वाटते.

हॉल पुन्हा भरले तेव्हा लग्नासाठी टेबल परत आलं. एका दिवसाच्या, एकाच जागेच्या कामाला तेच स्वस्त आणि सरळ पडतं. बाहेरगावच्या बैठका मात्र अजून क्लाउडवरूनच करतो. त्यात एक अडचण कायम आहे. चित्र माझ्यापर्यंत जवळजवळ एक सेकंद उशिरा पोहोचतं. समेवर कट घ्यायचा तर सम हॉलमध्ये येऊन गेलेली असते. कार्यक्रम बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे असतो. पण कॅमेरामनला 'तबल्यावर जा' म्हणेपर्यंत तबलजींचा तुकडा संपलेला असतो.

म्हणून हॉलमध्ये आता एक मुलगी बसते. कानात टॉकबॅक, समोर एन्कोडर, आणि नजर पूर्ण वेळ मंचावर. गाणं ती स्वतः शिकते. परवा साताऱ्याच्या बैठकीत माझ्या स्क्रीनवर गायक डोळे मिटून आलापात होते आणि ती हळूच म्हणाली, "दादा, तबलजींनी हात वर घेतलाय, त्यांच्यावर चला." मी बोट कळीवर ठेवलं आणि माझ्याकडचा तो क्षण येण्याची वाट पाहिली.